श्रावण दिघोरेकडचे पंचवीस रुपयांचे हप्ते

मी, सत्यशीला सोमाजी उंदिरवाडे, वय त्रेपन्न, धंदा कोसा रेशीम कातणे, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. शाळेच्या दाखल्यावर माझे नाव भागीरथा आहे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी ते बदलले. दोन्ही नावांची बाई एकच आहे, तेव्हा पुढे कोणी फाटे फोडू नयेत.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी गाठ पोटात सांगितली आहे, डोक्यात नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन आहे. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने मी लिहीत नाही. माझ्या मागे माझ्या नावाने कोणी कोणाच्या दारात जप्ती नेऊ नये, एवढ्यासाठी लिहीत आहे. ते पाचव्या कलमात येईल. आधी घरादाराचे.

१. दोन खोल्यांचे कवेलूच्या छपराचे घर आणि मागचे सीताफळाचे झाड मी कमावले आहे, वडिलोपार्जित नाही. माझ्याजवळ कातणे शिकलेली आशाबाई मेश्राम हयात असेपर्यंत या घरात राहील. तिच्यानंतर घर माझा पुतण्या नानाजी याचे. नानाजी, तिला घाई करू नकोस. ती काटक आहे.

२. पोस्टातल्या पैशातून दवाखान्याचा खर्च भागवावा. उरेल ते नानाजीच्या मुलीच्या शिक्षणाला. मुलीच्याच. नानाजीला मोटारसायकलची हौस आहे हे मला माहीत आहे.

३. कोसा उकळायचा हंडा आणि सूत गुंडाळायची लाकडी चौकट आशाबाईला. आम्ही सूत मांडीवर वळतो. तीस-पस्तीस वर्षांत माझ्या उजव्या मांडीची कातडी पायताणासारखी झाली. या घरातला प्रत्येक रुपया तिथून आला आहे.

४. नानाजीची आई सुगंधाबाई हिने माझ्या बाबांचा पाणी भरायचा पितळी गुंड एका लग्नासाठी म्हणून नेला. त्या लग्नातल्या नवरीला आता नातवंडे आहेत. तो गुंड मी आजपासून सुगंधाबाईला बक्षीस देते, म्हणजे तिला तो परत केल्यासारखा वाटेल आणि मला मागितल्यासारखा वाटणार नाही.

५. आता श्रावण लहानू दिघोरे, राहणार वैरागडच्या वाटेवरचे गाव, याच्याकडच्या येण्याविषयी.

श्रावण ढिवर जातीचा. ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणे हे त्यांचे पिढीजात काम. किडे झाडावर असले की पाळणारा माणूस रानातच राहतो, दाढी करीत नाही, बायकांना जवळ येऊ देत नाही आणि बाहेरच्या माणसाच्या हातून काही घेत नाही. विटाळ झाला तर किडे मरतात असे ते मानतात. मी बाबांबरोबर कोसा घ्यायला जाई तेव्हा नाल्याच्या अलीकडे थांबायची. पलीकडे श्रावण कावळे हाकलायला दिवसभर दंडारीच्या नाटकातली गाणी म्हणे. गाणी कावळ्यांसाठी होती, ऐकत मी होते. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. कोसा उतरला की तो नाला ओलांडून यायचा. दोन हंगाम आमचे असे गेले, आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

लग्न झाले नाही. त्याच्या जातपंचांनी वाळीत टाकायची धमकी दिली. माझ्या बाबांनीही तोंड फिरवले. मी थांबले असते. त्याने मान खाली घातली आणि सीतेशी लग्न केले. सीतेविषयी माझे काही म्हणणे नाही, ती भली बाई आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी, एक्याऐंशी साली, तो माझ्या दारात आला. गावच्या नाटकाला बाजाची पेटी घ्यायची होती. मी पंधराशे रुपये उसने दिले. कागद केला नाही. तीन वर्षे होत आली तरी पैशांचे नाव नाही. भर बाजारात कोणीतरी त्याला विचारले, तर हसून म्हणाला, "बाईचा पैसा का परका हाये? तिनं मले तसाच देल्ला." चारचौघे हसले. मी मिरच्या घेत होते. पैसे बुडाले असते तरी मी गप्प बसले असते, पण मांडीवर वळलेल्या पैशाची अशी थट्टा मला सोसली नाही. गडचिरोलीच्या कोर्टात लहान रकमेचा दावा लावला.

बेलीफ समन्स घेऊन रानात गेला. नेमके किडे झाडावर होते. श्रावण लांबूनच ओरडला, "मी हातात नाई घेत!" बेलीफाने लिहून टाकले, प्रतिवादीने समन्स नाकारले. माझे वकील खूश. म्हणाले, बाई, एकतर्फी निकाल घ्या आणि घरी जा. मला राहवले नाही. मी उठून न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, तो नाकारत नाई. किडे झाडावर हायेत, आता तो कोनाच्याच हातचं घेत नाई. कोसा उतरू द्या, मंग बलवा." साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "बाई, तुम्ही वादी की प्रतिवादी?" सगळे कोर्ट हसले. पण पुढची तारीख मिळाली.

त्या तारखेला श्रावण दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. साहेबांनी विचारले, पैसे घेतले का? म्हणाला, "घेतले साहेब. उसनेच घेतले. बजारात मी वंगाळ बोललो." साहेबांनी विचारले, एवढी रक्कम या बाईंनी बिनकागदाची का दिली, तुमचे नाते काय? मला वाटले, आता हा मान खाली घालणार. तर तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भागीरथेसंग लगन कराचं होतं साहेब. माह्यात हिंमत नोहोती." वकील, बेलीफ, बाकड्यावरची अनोळखी माणसे, सगळ्यांसमोर. मी रडले. दावा मी त्याच क्षणी जिंकला, पैशांचे नंतर झाले.

हुकूमनामा दरमहा पंचवीस रुपयांच्या हप्त्याचा झाला. मीच कमी हप्ता मागितला, म्हणून वकील आजही माझ्याशी धड बोलत नाहीत. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या बाजाराला श्रावण ओसरीवर येतो; किडे झाडावर असताना राहिलेले हप्ते कोसा उतरल्यावर आणतो. हप्ता देतो, मी पावती देते, मग चहा होतो. पाऊस, सीतेचे गुडघे, नाटकातले नवे पोरगे, असे बोलणे होते. मागल्या दिवाळीला कोसा चांगला विकला गेला म्हणून उरलेली सगळी रक्कम एकदम घेऊन आला. मी घेतली नाही. म्हटले, "कोर्टानं हप्ते सांगतले हायेत. कोर्टाच्या वर जातोस का तू?" तो घाबरून पंचवीस मोजून बाकीचे परत घेऊन गेला.

नानाजीला हे आवडत नाही. "आत्या, जप्ती आनू, पेटी उचलून आनू," असे तो दोनदा म्हणाला आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्या मृत्यूच्या दिवसापासून ही सगळी रक्कम फिटली असे समजावे. नानाजीने किंवा कोणीही वसुली लावू नये, पेटीला हात लावू नये. लावला तर घरावरचा त्याचा हक्क संपला आणि घर आशाबाईच्या वारसांचे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुखरू गुरुजींनी करावी. मात्र मी जिवंत असेपर्यंत पाचव्या कलमातले एक अक्षर श्रावणला कळता कामा नये. माफ झाले असे कळले तर त्याला यायला कारण उरणार नाही, आणि बिनकारण यायची हिंमत त्याच्यात अजून नाही. मी नागपूरला असताना तो हप्ता घेऊन आला, तर आशाबाईने चहा द्यावा, पैसे घेऊ नयेत. सांगावे, बाईच्याच हातात द्यायचे आहेत, थांब. मी परत येण्याचा पुष्कळ प्रयत्न करीन.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. त्यांना माझ्या मालमत्तेतले काहीही मिळणार नाही, फक्त आज चहा मिळाला.

स्थळ : आरमोरी
दिनांक : ९ मार्च १९८७

सही : सत्यशीला सोमाजी उंदिरवाडे
उर्फ भागीरथा

साक्षीदार :
१. मुखरू तुकाराम खोब्रागडे, सेवानिवृत्त शिक्षक (सही)
२. इतवारी झिंगू गेडाम, शेती (डाव्या अंगठ्याची निशाणी)