लिफ्टच्या वेळा लिहिलेली वही

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की मोरीत ओततेस?

नात मला रोज प्रयोगशाळेत नेते. चौथा मजला, लिफ्टसमोर माझा बाक. क्युबिट नावाच्या आठ चिमुकल्या वस्तू ती एकमेकींत गुंतवते. आपला जन्म गुंता सोडवण्यात गेला, ही गुंता करायचा पगार घेते. गुंतल्या का, हे एकेकीला विचारून उत्तरं जुळवून बघायचं. पण विचारलं की गुंता सुटतो, मग पुन्हा गुंतवायचं. असं हजारो वेळा. सहांचा गुंता जमायचा, आठांचा मधेच सुटून जायचा. पोरीचं जेवण सुटलं होतं.

मला रिकामं बसवत नाही. लिफ्ट हलली की घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची. तिथलं घड्याळ तेवढं कळतं मला. काल नातीनं वही बघितली आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहिली. लिफ्ट हलायची तेव्हाच गुंता सुटत होता.

मी म्हटलं, "झालं ना मग?"

"नाही गं आजी. नको ती उत्तरं वगळली तर ती लबाडी. लिफ्ट बंद ठेवून पुन्हा मोजायचं."

उद्या सकाळी लिफ्ट बंद. नाही जमलं तर तिचे साहेब कामच थांबवणार. माझं एका जागी बूड टिकत नाही, भाजीत दोनदा मीठ पडलं.

चार जिने चढायचे, म्हणून नात म्हणते, उद्या घरी बस. मी चपला आत्ताच दाराशी काढून ठेवल्यात.

गुडघ्यांवरून बोलू नकोस.

तुझी थोरली