मुकी पट्टी

परीक्षकबाई,

मी पियानोवरची माझी नवी रचना नेटवर टाकली. परवा खाली एका निनावी श्रोत्याने लिहिलं, ‘चाल गोड आहे, पण वरच्या सुराशी आली की दर वेळी घाबरून मागे फिरते.’ माझं डोकंच फिरलं. लगेच उत्तर ठोकलं, ‘अक्कल पाजळू नका. आधी चार बोटं चालवून दाखवा.’

मग मी काम करतो त्या वाद्यांच्या दुकानात एक दुरुस्तीचा पियानो सुरात लावताना तीच चाल वाजवून पाहिली. खरंच की! एक पट्टी मी दर वेळी ओलांडत होतो. कॉलेजच्या सराव खोलीतल्या पियानोची नेमकी तीच पट्टी मुकी होती. तिथे आपण दोघंच बसायचो. तू म्हणायचीस, “गाढवा, ती वाजत नाही, पुढे चल!” आणि वर दहापैकी साडेचार मार्क द्यायचीस. कॉलेज सुटलं, तू सुटलीस, बोटांची खोड तेवढी राहिली.

हे तुझ्याशिवाय कोण ओळखणार? उत्तर पुसायला धावलो, तर श्रोत्याने आपलं लिहिलेलंच काढून टाकलं होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. श्रोता दुसराच निघाला, तर तू पोट धरून हसशील. पण तो सूर घेऊन रचना पुन्हा टाकली आहे. सकाळपासून खाली एक अक्षर नाही. मालक दोनदा म्हणाले, “अरे, तो फोन आहे की दुखणं?”

शिव्या घाल, पण लिही. या वेळी उलट बोलणार नाही.

तुझाच,
साडेचार