हार्ड लक, रावजी!

अंथुर्णे,
जानेवारी १९५६

प्रिय सारजा,

तू इंग्रजीसकट मॅट्रिक पास झालीस, हे तुझं पत्र पोस्टमननं अंगणातच वाचून दाखवलं. मी त्याला गूळ-पाणी दिलं आणि शेजारच्या गोजरबाईला हाक मारून परत वाचायला लावलं. ती म्हणाली, बया, मार्चात नापास झालेली ती हीच का? म्हटलं, व्हय, हीच!

मी तिसरी शिकलेली, अक्षर वेडंवाकडं. पण आज दुसऱ्या कुणाकडनं लिहून घ्यायचं नव्हतं. गेल्या साली कालव्याच्या पुलावर गुळाची गाडी कलंडली आणि तुझ्या चुलत्यानं, माझ्याच पोटच्या रावजीनं, तुला अवदसा म्हटलं. गाडी निघताना तू आडवी आलीस म्हणून! तेव्हापासून गाडी बारामतीला निघाली की तुला माजघरात बसवायचा. तू आतून मोठ्यानं पाठ करायचीस: बॅड लक, हार्ड लक, मिसफॉर्च्यून. दारात डाळ निवडता निवडता मीही शिकले. एकदा विचारलं, यात करंटी पोरगी कुठली गं? तू म्हणालीस, आजी, यात पोरगी न्हायच. वाईट घडतं, एवढंच. ते मी धरून ठेवलं.

आता ऐक. तू पुण्याला मामाकडं, आणि सोमवारी गाडी त्याच पुलाच्या उतारावर पुन्हा कलंडली! चार ढेपा कालव्यात. बैल धड आहेत, काळजी नको. रावजी चिखलानं माखून दारात उभा. मी विचारलं, आज रं कोण आडवं आलं? तो धोतराचा चिखल झटकायला लागला. म्हटलं, हार्ड लक, रावजी! गोजरबाई हसून हसून खालीच बसली. मग पठ्ठ्या पहार घेऊन गेला आणि चाकोरीतला धोंडा उपटून आला. साल झालं, तो तिथंच होता.

आता मुद्द्याचं लिहिते. तासभर रावजी माझ्या शेजारी बसलाय. त्याला लिहिता येत नाही आणि जीभही रेटत नाही. दुसरी गाडी भरून उभी आहे. म्हणतो, सारजा म्होरं उभी ऱ्हायल्याबिगर बैल जुंपायचा न्हाय. रविवारी तो स्वतः तुला घ्यायला भिगवण टेशनावर येईल. काय बोलायचं ते त्यानं मला तीनदा म्हणून दाखवलंय. त्याला पुरतं बोलू दे, पोरी. मधेच हसून मोकळं करू नकोस.

तुझीच, तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
द्वारकाआजी