लाइट गेल्यावर ऐकू आलेली वाक्यं

अहो पूनमचे पप्पा,

"प्रिय" लिहिलं आणि खोडलं. अख्ख्या संसारात कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच वरून विचाराल, काय पाहिजे हिला?

लिहायचं कारण शांतारामभाऊजी. परवा तुमचं वर्षश्राद्ध केलं. कापडाच्या खात्यात इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या लूमवर उभे राहिले, म्हणून त्यांना जेवायला बोलावलं. जेवले, हात धुतले, आणि दारात चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, तुमचा नवरा, आमचा भगत, खात्यात काय बोलायचा, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." म्हटलं, झालं! आता कुठल्यातरी बाईचं नाव निघणार.

निघालं की हो. माझंच निघालं!

ही काय रीत झाली, तुम्हीच सांगा. घरात कधी मला नावानं हाक मारली नाही. "पूनमनी माय" एवढंच, तेही ताटातली भाकरी संपली तर. आणि खात्यात, त्या लूमच्या खडखडाटात, जिथं शेजारच्याकडे बिडी मागायची तरी हातवारे करावे लागतात, तिथं तुम्ही पाळी सुटेपर्यंत मोठमोठ्यानं माझ्याशी गप्पा मारत होता! ऐकणार कोण? शेजारच्या लूमवरच्यालाही ऐकू जायचं नाही.

पण लाइट जायची. सगळे लूम एकदम गप्प व्हायचे आणि तुम्ही वाक्याच्या मध्यावर सापडायचात. भाऊजींनी ती वाक्यं मला जशीच्या तशी म्हणून दाखवली.

"सुमन, तुना हातना भरीतले तोड नही, पन मीठ—"

मिठाचं काय हो? जास्त होतं का कमी? मी अजून अंदाजानंच टाकतेय!

"सुमन, तू चिडनी का भारी दिखस, फक्त नळवर—"

"आज मी शेठले तोंडवर सांगसू, का—"

त्या दिवशी शेठ मागंच उभा होता म्हणे. काय सांगायचंय म्हणून त्यानं विचारलं, "शुं कहेवानुं छे?" तुमची बोबडी वळली आणि तोंडातून निघालं, "शेठ, पंखो जोइए." आणि पंखा लागलासुद्धा! खात्यातले लोक अजून त्या पंख्याखाली तुमची आठवण काढतात.

आणि मी बाई भोळी. नळावर उभे असलात तरी तुमचे ओठ हलायचे, आवाज नाही, चेहऱ्यावर हसू. आपली घरमालकीण कांताबेन मला म्हणायची, "तारो घरवाळो तो भगत माणस छे." बघता बघता सगळ्या चाळीनं तुम्हाला भगत करून टाकलं. खोटं कशाला बोलू, भगताची बायको म्हणून मीही रांगेत पुढं घुसले.

मनात मात्र संशय होताच. माणूस सुरतेच्या उधन्यात पत्र्याच्या खोलीत राहतो, दारात गटार तुंबलेली, पाण्यासाठी रोज मारामारी, आणि भुवयांवर धाग्याची धूळ घेऊन घरी येतो तो हसत! कोण हसतं असं? म्हणून एकदा डब्याचं निमित्त करून खात्यात आले होते. दारातून पाहिलं तर तुमची नजर धाग्यावर आणि ओठ चाललेले. म्हटलं, अगं बाई, हे तर खरंच जप करतायत! तिथंच चपला काढून हात जोडले. स्वतःच्याच नावाला नमस्कार करून आले मी!

सुरतेत प्लेग आला तेव्हाचं आठवतं? गावाकडं पळायला सगळं उधना स्टेशनवर लोटलेलं, मी गादीची वळकटी डोक्यावर घेऊन रडतेय, आणि तुम्ही ट्रंकेवर बसून ओठ हलवताय. मी ओरडले, "अहो, काय म्हणताय?" तर म्हणालात, "काही नही." मी समोर उभी होते ना! मग समोरच्या मला सोडून मनातल्या मला काय सांगत होता?

घरी मी काही बोलले की नुसतं "हं". घासलेट संपलं म्हटलं तर "बरं झालं". लूमनं कान गेले म्हणून मी सोडून द्यायचे. आता कळतंय, कान तर गेलेच होते, वर दिवसभर माझ्याशी बोलून दमूनही यायचात.

एवढं चिडून झालं आणि मग काल मला रडू आलं. का, ते सांगते.

तुमच्यामागं मी त्याच खात्यात धाग्याच्या बॉबिन भरायला लागले. तोच खडखडाट, तोच शेठ. माझेही ओठ हलतात. आणि मी काय बोलते ठाऊक आहे? भांडते! कांताबेनशी. ती तिकडे पाय पसरून झोपलेली असते आणि मी इथं तिला सुनावत असते, तेही मोडक्यातोडक्या गुजरातीत. तिच्या बाजूनं उत्तरं मीच देते आणि हरतेही मीच. मग ते भांडण घरी नेऊन पूनमच्या अंगावर ओतते. काल पोरगी म्हणाली, "पप्पा गप्प असायचे तरी घरात बरं वाटायचं. तू आलीस की तू कधी झोपतेस, याची मी वाट बघते."

बोला आता! खोली तीच, गटार तीच, नळ तोच. तुम्ही दिवसभर मनात मला घेऊन उभे राहिलात, आणि मी माझ्या मनात कांताबेनला राहायला जागा दिली. मेली भाडंसुद्धा देत नाही!

भाऊजींनी जाता जाता आणखी एक वाक्य सांगितलं, तुम्ही आजारी पडायच्या आधीचं. "सुमन, माले एकच वाटस, का तू—" आणि लाइट गेली. सगळे म्हणे ओरडले, "भगत, पुढं बोल!" तुम्ही लाजून बॉबिन बदलत बसलात. मग लाइट आली, लूम सुरू झाले, आणि तुम्ही ते वाक्य पुरं केलंत. भाऊजी समोरच होते, आणि तोंडाकडे नीट पाहिलं तर खात्यातल्या माणसाला ओठांवरून कळतं. मी विचारलं, "भाऊजी, काय म्हणाले हो?"

त्यांनी मान खाली घातली. "मी तोंड फिरवलं, वहिनी. नवराबायकोचं बोलणं होतं ते."

मला भाऊजींचा इतका राग आला! आणि पायाही पडावंसं वाटलं.

तर आता माझा शब्द घ्या. उद्या मशीन सुरू झालं की आधी कांताबेनला मनातली खोली खाली करायला लावते. ती जागा तुमची. दिवसभर तुमच्याशी बोलेन, भांडेनही, सवय एकदम थोडीच जाणार आहे? पण तुमच्यासारखं सगळं त्या खडखडाटात ठेवून घरी येणार नाही. पूनमला समोर बसवीन, नावानं हाक मारीन, आणि जिथं खडखडाट नाही, लूम नाही, त्या आपल्या घरात तिला ऐकू जाईल असं सांगीन, "पूनम, माले एकच वाटस, का तू व्हती म्हनून मी जगनी."

तुमची,
सुमन