मुकादमाची फरशी

दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, तुम्ही काही म्हणायच्या आधीच कान धरते. फोनवर बोलायचं तर एकीकडे तुमची ड्यूटी आडवी येते आणि एकीकडे माझं रडं, म्हणून लिहायला बसले.

टेम्पोने उडवल्यावर मुकादमाचा मागचा डावा पाय वाचला नाही. डॉक्टरांनी तो मांडीपासून काढला. आता टाके सुकलेत, खाणंपिणं बरं आहे, पण स्वारी जागची उठत नाही. रोज तुमच्या दादांबरोबर कामावर जाऊन मजुरांवर डोळे वटारून बसणारा कुत्रा, म्हणून तर तुम्ही त्याचं हे नाव ठेवलंत. तो आता कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

डॉक्टरांनी विचारलं, घरातली फरशी कशी आहे. ह्यांनी छाती फुगवून सांगितलं की आरशासारखी, खाली बघून भांग पाडावा. जन्मभर फरश्या घासून चमकवणारा माणूस दुसरं काय सांगणार! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि चटया टाकायला सांगितल्या. टाकल्या, तर आता मुकादमाबरोबर चटईही घसरते. चिकटवू का म्हटलं, तर पॉलिश उखडेल म्हणाले. गिऱ्हाईक आधी आमची बाहेरची खोली बघतं आणि मग काम देतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ह्यांच्या मते त्याने हाय खाल्ली आहे. जनावराचे हाल करण्यापेक्षा इंजेक्शन देऊन त्याला शांत करावं, असं काल म्हणाले. मीही सांगून टाकलं, मी धडधाकट असेपर्यंत ते होणार नाही. पण मला कळतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. काय करू ते लिहा.

माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची
वहिनी


दि. ११ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दादाच्या छातीतली हवा काढायला तिथे असायला हवं होतं असं वाटलं.

हे बघ, माझ्या वॉर्डात पाय गमावलेली माणसं येतात. तीही आधी भिंतीकडेच तोंड करतात, आणि घरचे उशाशी बसून त्यांना घास भरवतात. तिथेच सगळं बिघडतं. तू नक्की मुकादमाच्या तोंडापुढे ताटली नेत असशील. पैज लावते. आजपासून ती लांब ठेव. पोटाखालून जुना टॉवेल झोळीसारखा घाल आणि दोन्ही टोकं वर धर. मागचा भार तू घ्यायचा, चालायचं काम त्याचं. नखं काप. जखम चाटू देऊ नकोस. आणि एकदा त्याला घराबाहेर मातीत उभा करून बघ, म्हणजे हाय खाल्ली आहे की आणखी काही, ते कळेल.

फरशीचं मात्र दादाला तोंडावर सांग. मीच लिहिलं असतं, पण माझं पत्र आलं की त्याचा चष्मा हरवतो आणि ते तुलाच वाचून दाखवावं लागतं.

माझ्यावर असाच जीव ठेव, आणि थोडा स्वतःवरही.

तुझी
आगाऊ नणंद


दि. १७ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संना अनेक आशीर्वाद.

पैज जिंकलात. ताटली लांब ठेवली तेव्हा दिवसभर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी सावत्र आई.

पण वन्सं, मातीत तो उभा राहिला! टॉवेल हळूच सैल सोडला, तरी पठ्ठ्या उभाच. कुंपणापर्यंत गेला, जुन्या सवयीने पाय वर करायला म्हणून उरलेलाच पाय उचलला आणि धपकन खाली बसला. मी आधी हसले आणि मग रडले.

त्याच आनंदात त्याला आत आणलं. दारातून आत येताच पाय फाकला आणि जखमेवरच आपटला. केवढ्याने केकाटला! नेमके तेव्हाच हे कामावरून आले. ह्यांनी तेवढंच पाहिलं. डॉक्टरांना फोन करून रविवारी इंजेक्शन द्यायला या म्हणून सांगितलं आणि न जेवता झोपले. मातीतलं सांगितलं, तर म्हणे मी मनाची समजूत घालते आहे.

फरशीचं तोंडावर सांग म्हणता, पण कसं सांगू? आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्याकडे स्वतःचं घासाईचं मशीनही नव्हतं. मी येणार म्हणून ही खोली ह्यांनी हाताने घासून चमकवली. पहिल्यांदा आत आले तेव्हा मला वाटलं पाणी सांडलंय, म्हणून कपडे वर धरून चालले. सगळे हसले, हे तेवढे खुलले. ती चकाकी काढा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण म्हणून मुकादमाला जाऊ देणार नाही. उद्या त्याला हातगाडीत घालून ह्यांच्या कामावर नेते. तिथल्या फरशीची नुसती पहिली घासाई झाली आहे, चकाकी यायची आहे. ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

आठवण ठेवा, आणि आमच्यासाठी देव पाण्यात घालून बसा.

तुमची
वहिनी


दि. २० फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत आणि चष्माही सापडला आहे.

तुझी वहिनी भर कामात हातगाडी ढकलत आली. तिने मुकादमाला खडबडीत फरशीवर उतरवलं आणि बाजूला झाली. तो जरा डुलला, मग उड्या मारत सरळ मजुरांकडे गेला. एकजण चहा पीत टेकला होता, त्याच्यावर भुंकला. इतक्या दिवसांत त्याचं भुंकणं ऐकलं नव्हतं. मी आधी खूश झालो. मग पायाखाली बघितलं आणि माझा मलाच राग आला. कुत्रा रोज मला सांगत होता आणि मी त्यानेच हाय खाल्ली म्हणत होतो.

डॉक्टरांना लगेच फोन केला, येऊ नका म्हटलं. संध्याकाळी मशीन घरी आणलं, तर तुझी वहिनीच आडवी आली. चटया एकमेकींना शिवते, सतरंजी ठोकून बसवू, पण ह्या फरशीला हात लावू नका म्हणाली. मी म्हटलं, चकाकी मी आणली, मीच काढणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. मी मशीनला घासाईचा जाडा दगड लावला आणि पाणी सोडलं. पहिला फेरा मारताना माझेही हात जड झाले होते, तुझ्यापासून काय लपवू. गिऱ्हाइकाला दाखवायला माझ्या फरश्या गावभर आहेत, असं स्वतःला बजावत राहिलो.

धुऊन पुसून झाल्यावर तिला हाक मारली. तिने दार उघडलं, पण तिला खाली बघवेना. मुकादम कोपऱ्यात पडला होता, तो तिला बघून उठला. टॉवेल कोणीच धरला नव्हता. खोलीच्या मध्यावर झोकांडी गेली तेव्हा आम्ही दोघांनी हात पुढे केले आणि दोघांनीही मागे घेतले. तो तोल सावरून तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या गुडघ्यांत डोकं खुपसलं. ती तिथेच फतकल मारून बसली आणि हमसून रडली. मलाही आवरलं नाही.

आता स्वयंपाकघर उरलं आहे. तिथे तो अजून घसरतो, आणि जातो तर नेमका तिथेच. तेव्हा पत्र पुरे करतो, मशीन लावायचं आहे.

सुट्टी मिळाली की ये, लोभ समोर बसून करू.

तुझा
दादा