‘साध्यातून वापरा’

४ मार्च

दुकान उघडलं एकदाचं. दहाला दार सरकलं तेव्हा रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत. वाटलं, जिंकलो. साडेअकराला बघते तर टॉवेलचे रॅक रिकामे, भांड्यांचे निम्मे रिकामे, आणि मागच्या खोलीत लहान मुलांच्या छत्र्या छतापर्यंत — इथे कोणी मागितलेल्याही नाहीत.

इथली माणसं आम्हाला ओळखतात. वर्षानुवर्षं सुट्टीत सीमा ओलांडून आमच्याकडे यायची, गाड्या भरभरून न्यायची. ‘मॅडम, जाहिरातीचीसुद्धा गरज नाही,’ हे मुख्य ऑफिसच्या साहेबांचं प्रत्येक मीटिंगमधलं वाक्य. (साहेबांना आम्ही सगळे मागून तुफान म्हणतो. येतात, उलथापालथ करतात, जातात.) पण ओळखतात म्हणूनच तर पंचाईत. एक बाई ट्रॉली ढकलत थेट माझ्यासमोर. “तिकडच्या तुमच्या दुकानात बारा रंगांचे टॉवेल असतात. इथे दोन. आम्हाला काय उरलंसुरलं पाठवता?”

हसले. गालफडं अजून दुखतायत.

६ मार्च

चादरी परत यायला लागल्या. इथल्या गाद्या आमच्याकडच्यापेक्षा हातभर रुंद! एवढ्या मोठ्या कंपनीत एकालाही सुचलं नाही की एखाद्या घरात जाऊन टेप लावून बघावी. मलासुद्धा नाही. मी इथे महिनाभर आधी आलेय, रोज त्याच रुंद गादीवर झोपतेय.

मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, आधी एक दुकान उघडू, चुका कळू देत, मग दुसरं. तुफान म्हणाले, “तुम्ही फार सावकाश विचार करता.” तिन्ही दुकानं एकाच आठवड्यात उघडली. नदीवरचं काकांकडे — ते निवृत्तीला आलेत, कोणाला दुखवत नाहीत. स्टेशनजवळचं मास्तरकडे. मास्तर म्हणजे माझ्याच हाताखाली सात वर्षं तयार झालेला, आधी शिकवण्या घ्यायचा म्हणून मास्तर. संध्याकाळी त्याचाच फोन. “ताई, तुमच्याकडेही रिकामंच आहे ना? मग बरं वाटलं.”

९ मार्च

ह्यांचा फोन. “आवाज असा का येतोय?” म्हटलं, सर्दी.

११ मार्च

आज जे केलं ते लिहून ठेवते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

बाथरूम साफ करायच्या औषधाचे खोके सीमेवर दोन दिवस अडकून होते. इथल्या कायद्याने बाटलीवर इथल्या भाषेत सूचना हव्यात. इथली भाषा म्हणजे जवळजवळ आपलीच, तेव्हा मुख्य ऑफिसने आपलाच मजकूर छापून चिकटवायचे कागद पाठवले. तिन्ही दुकानांचा माल एकाच ट्रकात, आणि कंपनीत सगळ्यांत जुनी मी, म्हणून मंजुरीची सही माझी. मी म्हटलं, इथल्या कोणाला तरी वाचायला देऊ या. आणि हा कागद बाटलीच्या लाल त्रिकोणावर बसतोय, तो धोक्याचा त्रिकोण झाकला जातोय. तुफान फोनवर, गाडीत असावेत, मागे हॉर्न. “मॅडम, रॅक रिकामे आहेत. सही करताय की ट्रक परत बोलावू?”

केली. उभ्याउभ्याच, ट्रकच्या फळीवर कागद ठेवून.

१५ मार्च

रॅक भरलेले दिसतात. दुकान दुकानासारखं वाटतंय. औषध बरं खपतंय — दोन घेतल्या तर एक स्पंज फुकट. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१७ मार्च

दुपारी एक आजोबा बाटली हातात घेऊन माझ्याकडे आले. इथल्याच शाळेत भाषा शिकवायचे म्हणे. नखाने कागदावरची ओळ दाखवली. “‘साध्यातून वापरा’ म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय?”

म्हटलं, साध्या पाण्यातून. एवढंसं औषध, बादलीभर पाणी.

“तुमच्याकडे असेल. आमच्याकडे साधं म्हणजे काही न मिसळता. जसंच्या तसं.”

आजोबा बाटली ठेवून निघून गेले. मी तिथेच उभी.

तुफानना फोन केला. “पुढच्या मालाला कागद बदलू. आत्ता रॅकवरून काढायचं नाही, उगाच चर्चा होते.” मी ‘बरं’ म्हटलं. बरं! एकोणीस वर्षं दुकानं सांभाळली, आणि तोंडातून निघालं काय तर ‘बरं’.

ते औषध पाण्याशिवाय बंद खोलीत ओतलं तर काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या कामाच्या वहीत पहिल्याच पानावर आहे.

१८ मार्च

काढलं नाही. येता-जाता त्या रॅककडे बघते. कोणी बाटली उचलली की जवळ जाते. दोघातिघांना हळूच सांगितलं, “पाण्यात घाला हं.” बाकीच्यांना कोण सांगणार?

२० मार्च

काउंटरवरची ताई आली नाही. इथलीच आहे, पहिल्या दिवसापासून माझा उजवा हात. अकराला तिचा फोन. आई दवाखान्यात आहे. आई एका ऑफिसात साफसफाईला जाते, बाथरूममध्ये पडलेली सापडली, श्वास घेता येत नाहीये.

“कशाने?” मी विचारलं.

“डॉक्टर विचारतायत काय वापरलं. आम्हाला काही माहीत नाही मॅडम.”

मला माहीत आहे. सोमवारी, आजोबा यायच्या आदल्याच दिवशी, तिने आईसाठी दोन बाटल्या नेल्या. पिशवीत मी स्वतः घातल्या. स्पंजसुद्धा.

सांगितलं नाही. “काळजी घे,” म्हटलं आणि फोन ठेवला.

२१ मार्च

तुफानना सांगितलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सही कोणाची आहे, मॅडम?”

पुढे म्हणाले, इथले लोक परक्या कंपनीवर टपलेलेच असतात, पोलीस आले तर तुमची इथे राहायची परवानगी रद्द, जामीनसुद्धा नाही. उद्या दुपारी रिकामा ट्रक परत येतोय. बसून या. मागचं आम्ही बघतो.

ह्यांना फोन केला. सगळं सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. “ये गं. आधी ये, मग बघू.” मागे सासूबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

बॅग भरली. घरमालकीणबाई दारात उभ्या. “गावाला जाताय?” म्हटलं, दोन दिवस. त्यांनी वाटेसाठी डबा भरून दिला. त्यांच्याकडे मान वर करून बघता येईना.

पायऱ्यांवर कोणाचीही पावलं वाजली की वाटतं, पोलीस आले.

२२ मार्च

गेले नाही. का ते नीट सांगता येणार नाही, पण झालं ते असं.

दीड वाजता दुकानामागे ट्रकपाशी बॅग घेऊन उभी होते. ड्रायव्हर मागचं दार लावत होता. आमच्या मागच्या दाराला एक काच आहे, त्यातून काउंटर दिसतो. रांगेत एक बाई, पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा महिना असावा. ट्रॉलीत दोन बाटल्या. ती स्पंज उलटसुलट करून बघत होती.

“चला मॅडम,” ड्रायव्हर म्हणाला.

मी बॅग तिथेच टाकून आत पळाले. तिच्या ट्रॉलीतून बाटल्या ओढून घेतल्या. ती घाबरली, म्हणाली, “अहो, माझ्या आहेत त्या.” मी म्हटलं, नाहीत. ह्या कोणाच्याच नाहीत. मग रॅकवरच्या सगळ्या काढून मागच्या खोलीत कोंडल्या. काउंटरवरच्या दोघींना मोजायला लावल्या. शहाऐंशी विकल्या गेल्यात. जाड पेनाने नोटीस लिहिली — बाटलीवरची सूचना चूक आहे, पाण्याशिवाय वापरू नका, परत आणून द्या, कोणाला त्रास झाला असेल तर डॉक्टरांना ही नोटीस दाखवा. ती आजोबांकडे पाठवून भाषा तपासून घेतली, दारावर चिकटवली.

मग दवाखान्यात. काउंटरवरची ताई बाकावर बसलेली. तिच्या शेजारी बसून सांगितलं. सगळं. सतरा तारखेपासून माहीत होतं हेही. ती बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिली. मग उठली, डॉक्टरांना बाटलीचं नाव सांगायला धावत आत गेली.

तिथूनच काकांना फोन केला. ते म्हणाले, “वरून लेखी येऊ दे बाई, मी निवृत्तीला आलोय.” दहा मिनिटं भांडले तेव्हा रॅक रिकामा करायला तयार झाले. मास्तरचा फोन लागला नाही. उद्या करते.

२३ मार्च

तुफान फोनवर ओरडले. आयुष्यात कधी कोणाचं एवढं ऐकलं नव्हतं. कामावरून काढलंय, आजपासून. चालेल. दुकानात कोणीच नाही म्हणून मीच बसलेय. सकाळपासून एकोणीस बाटल्या परत. एकाने शिव्या दिल्या, एका बाईंनी पाणी विचारलं — माझाच चेहरा उतरलेला होता म्हणे. फोनला हात लावावासा वाटत नाही.

२५ मार्च

स्वतःच पोलिसांच्या चौकशी कचेरीत गेले. बाकावर दोन तास. पाय सुन्न. तिथले साहेब तरुण, शांत. सगळं लिहून घेतलं. पासपोर्ट ठेवून घेतला, “गाव सोडू नका,” म्हणाले. बाहेर आले तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. उलट भूक लागली.

२८ मार्च

ताईच्या आईची श्वासाची नळी काढली. औषधाचं नाव कळलं म्हणून उपचार बदलता आले, असं डॉक्टर म्हणाले. ताईने स्वतः येऊन सांगितलं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. “आई तुम्हाला बघायचं म्हणतेय. मला अजून तुमच्याशी नाही बोलवत.” म्हटलं, नको बोलूस. पण आली. एवढं पुरे.

शहाऐंशीपैकी एक्क्याऐंशी परत. उरलेल्या पाच बाटल्या नेलेल्यांचे पत्ते आजोबांनी शोधून काढले, मी घरोघर जाऊन आले. सगळे ठीक.

३० मार्च

ह्यांच्याशी तासभर बोलले. किती दिवसांनी हसले. कालपासून झोप लागतेय. जे होईल ते होवो, आता मी मोकळी.

१ एप्रिल

सकाळी चौकशीवाले साहेब घरी आले. बसले नाहीत. “स्टेशनजवळच्या दुकानातून तीच बाटली नेलेली एक बाई काल गेली. तिथे नोटीस नव्हती. अठ्ठावीस तारखेपर्यंत माल विकत होते.”

त्यांच्यामागे जिन्यात मास्तर. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “ताई, एक फोन करायचा होतात.”