लंगोटांमागचा डबा

३ मार्च, मंगळवार

खालच्या हिरडीत दोन पांढरे ठिपके! दात नव्हेत अजून, नुसती चाहूल. बोळक्याने आज हाताला लागेल ते चावलं — चमचा, चप्पल, बापाचं घड्याळ. मी कामावरून आले तेव्हा वहिनींच्या कडेवर होता, त्यांचा खांदा लाळेने चिंब. मी हात पुढे केले. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मान वळवून पुन्हा वहिनींच्या खांद्यात खुपसली!

"दमलाय गं," वहिनी म्हणाल्या. "आठ महिन्यांचा जीव तो. मनावर घेऊ नकोस."

घेतलंच.

जाऊ मिळावी तर अशी, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. स्वतःच्या दोन मुली वाढवून, शिकायला बाहेरगावी पाठवून झाल्या, आता माझं पोर दिवसभर सांभाळतात, म्हणून मी गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात जाऊ शकते. आता त्यांच्या डोक्यात पुढच्या खोलीत पाळणाघर काढायचं आहे. समोरची आणि कोपऱ्यावरची, दोघी आपापली बाळं ठेवायला तयार आहेत. निळी गुबगुबीत सतरंजीसुद्धा आणून ठेवली आहे वहिनींनी. मला दाखवताना लहान मुलीसारख्या खूश होत्या.

आणि मला काय वाटलं? की माझ्या मुलावर सराव करून झाला यांचा. कृतघ्न मेली मी!

५ मार्च, गुरुवार

युक्ती सापडली!

आम्ही कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी बसून चघळायच्या गोळ्या निवडतो, तेव्हा तुटक्यांचा हा ढीग निघतो. त्या ज्याला हव्यात त्याने घरी न्याव्यात. मधुमेहवाल्यांच्या, बिनसाखरेच्या गोळ्या. आज डबाभर आणल्या. थोड्या कुटल्या, मऊ सुती फडक्यात घातल्या, दोऱ्याने गच्च बांधल्या आणि ती पुरचुंडी दिली त्याच्या तोंडात. काय सांगू! डोळे अर्धे मिटून, माझा अंगठा धरून, माझ्या मांडीवर चोखत पडून राहिला. बाहेरून वहिनींचा आवाज आला तरी मान वळवली नाही.

वहिनींचा नियम आहे — वर्षाचा होईपर्यंत गोड नाही, जीभ चटावते. पण यात साखरच नाही, मग नियम मोडला कुठे?

(मग दार का लावून घेतलं होतं, बाई? असले प्रश्न विचारू नयेत.)

डबा कपाटात ठेवला, लंगोटांच्या मागे.

६ मार्च, शुक्रवार

मी दारातून आत आले आणि त्याने माझ्याकडे झेप घेतली. माझ्याकडे!!

९ मार्च, सोमवार

शी पातळ झाली आहे. वहिनी म्हणाल्या, "दात येताना होतंच गं. आमच्या थोरलीने तर घर डोक्यावर घेतलं होतं." समोरचीही तेच म्हणाली. नवऱ्याच्या आईने फोनवर तेच सांगितलं. दात म्हणजे काय, सगळ्याला एकच उत्तर!

डबा निम्म्याच्या खाली गेलाय. माझा हात फारच सढळ दिसतोय. उद्या भरून आणायला हवा.

११ मार्च, बुधवार

दोरीवर लंगोट, खिडकीत लंगोट, खुर्चीच्या पाठीवर लंगोट. वाळायला वेळ मिळेना.

१३ मार्च, शुक्रवार

आता शी म्हणजे नुसतं फेसाळ पाणी. आंबूस वास. ढुंगण सोलल्यासारखं लालभडक झालंय, पाण्याचा हात लागला तरी किंचाळतो. वहिनी फुंकर घालत घालत पुसतात. मी बघत उभी राहते आणि मनात हिशेब करते — दुपारी हे काय देत असतील? बाटली नीट उकळतात का? केळं फार पिकलेलं असतं का? तोंडाने एक शब्द नाही काढला. पण बाटली त्यांच्यादेखत पुन्हा धुतली. त्यांनी पाहिलं.

संध्याकाळी रडून रडून घसा बसला त्याचा. शेवटी पुरचुंडी दिली तेव्हा शांत झाला. तेवढं एक तरी माझ्या हातात आहे.

१४ मार्च, शनिवार

दवाखाना. डोळे खोल गेले होते. रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "सगळं दातांच्या माथी मारू नका हो! दातांनी लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर किरकिरतं. असे पाण्यासारखे जुलाब दातांनी होत नाहीत. पोटात काहीतरी जातंय याच्या. दिवसभर कोण असतं जवळ?"

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. मीसुद्धा.

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "दूध. मऊ भात. केळं."

"आणखी काही?"

"नाही," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

मग मला विचारलं, "आणि तुम्ही काय देता?"

"मी तर दिवसभर कामावर असते."

हे काही उत्तर नव्हे. पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पुरचुंडी आठवली नव्हती का मला? आठवली होती. पण ती काय खाणं आहे? चोखणं म्हणजे काय खाणं? असं स्वतःलाच समजावलं आणि गप्प बसले.

एवढ्याशा हातात सुई. शीर सापडेना, तीनदा टोचलं. सलाइन चढेपर्यंत वहिनी त्याचा पाय धरून बसल्या होत्या. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "वहिनी, तुमच्या वेळी चालत असेल ते आता नाही चालत." त्यांच्या हातात बाटलीचं झाकण होतं. ते त्या फिरवत राहिल्या.

नवरा म्हणाला, सोमवारपासून शाळेजवळच्या पाळणाघरात ठेवू. मी हो म्हटलं. जरा बरंही वाटलं — आता कुणाच्याच कडेवर जास्त राहणार नाही.

१६ मार्च, सोमवार

काल दिवसभर झोपूनच होता. आज पाळणाघर. वहिनींनी त्याची पिशवी भरून दारात आणून दिली. "लंगोट वरच ठेवलेत," म्हणाल्या. तो त्यांच्याकडे झेपावत होता. मी भरभर पायऱ्या उतरले.

१७ मार्च, मंगळवार

कसं लिहू!

आज पट्ट्यावर नवी मुलगी आली. आमच्याकडे नव्या बाईचं स्वागत ठरलेलं असतं. मामींनी (सगळ्यांत जुन्या त्या) मूठभर गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. "खा गं, खा. साखर नाही, वजन वाढायचं नाही." ती बिचारी गप्पा मारता मारता खात सुटली. जेवणाच्या सुट्टीआधीच पोट धरून पळाली! बायका हसून लोटपोट. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "सगळ्यांचं असंच होतं पहिल्या दिवशी. साखरेच्या जागी जे घालतात ना, ते जास्त झालं की सगळं धुऊन काढतं!"

मीही हसत होते. चार वर्षांपूर्वी मीही अशीच पळाले होते. तेव्हापासून दर नव्या बाईच्या वेळी मीच पुढे होऊन हसत आले आहे.

आणि हसता हसता हात पट्ट्यावर तसाच राहिला. गोळ्या पुढे निघून गेल्या.

धडधाकट बाई मूठभर गोळ्यांनी पळते. आणि ते आठ महिन्यांचं, साडेसात किलोचं!

"काय गं, तुलाही लागली की काय?" मामींनी विचारलं. पुन्हा हशा.

मला माहीत होतं. नव्हतं माहीत असं म्हणायची सोयच नाही. सगळ्या शहरात आम्हा बायकांनाच ते सगळ्यांत चांगलं माहीत. घरी येऊन डबा कचऱ्यात ओतला, वर भाजीची सालं टाकली. चोरासारखी! डबा घासला. फडकी फेकली.

नवऱ्याला काही सांगितलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

शी घट्ट झाली. खिदळला. चमचा चावला.

"बघ, पाळणाघरात टाकल्याबरोबर सुधारला!" नवरा म्हणाला. "वहिनींना कोण काय बोलणार... पण दिसतंय ना समोर."

मी वरणभात कालवत होते. कालवतच राहिले.

२२ मार्च, रविवार

तो जितका बरा होतोय तितक्या वहिनी गुन्हेगार ठरताहेत. त्याच्या एकेका हसण्याने त्यांच्यावरचा आळ पक्का होतोय. हे असं काही होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

समोरची येऊन गेली. आत आली नाही, दारातूनच म्हणाली, "सध्या माझी आईच येऊन राहतेय, तेव्हा बाळाचं बघू पुढे." कोपऱ्यावरचीने तर तेवढंही सांगितलं नाही. मोठे दीर न बोलता जेवून उठतात. वहिनींनी निळी सतरंजी गुंडाळून पलंगाखाली सारली. ती पुरती आत जाईना, तर पायाने ढकलली.

मी तिथेच उभी होते. "मी मदत करू?" असं विचारलं! आग लावायची आणि वर पाणी आणू का म्हणून विचारायचं.

२४ मार्च, मंगळवार

सांगायचंच असं ठरवून वहिनींच्या खोलीपर्यंत गेले. त्या मुलींचे जुने स्वेटर उसवत होत्या.

"वहिनी... मीठ संपलंय का?"

मीठ! बरणी गळ्यापर्यंत भरलेली आहे.

मला कशाची भीती आहे? नवरा रागावेल त्याची? नाही, तो रागावतो आणि विसरतो. सगळे म्हणतील, आई असून! — त्याची. वहिनींच्या जागी मी उभी राहीन त्याची. त्या तर दहा दिवस झाले तिथे उभ्या आहेत, आणि मी त्यांना एक पाटसुद्धा दिला नाही बसायला.

२६ मार्च, गुरुवार

दात आला! पाळणाघरातल्या बाईंनी आधी पाहिला. "चमचा खणकन वाजला हो," म्हणाल्या. घरी आणलं, तर वहिनी दाराआडून बघत होत्या. आपण होऊन हल्ली त्याला घेत नाहीत. मीच दिला त्यांच्या हातात. त्यांनी बोटाने दात चाचपला, तो कचकन चावला, आणि त्या हसता हसता रडायला लागल्या.

"माझंच चुकलं गं," म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं. माफ कर मला."

माझी माफी! माझी! आणि मी काय केलं? "असू दे हो वहिनी," म्हटलं. मोठ्या मनाने माफ केलं त्यांना!

लाज वाटते हा शब्दसुद्धा आता पुरत नाही. हे लिहिताना हात धुवावेसे वाटताहेत.

२९ मार्च, रविवार

सांगितलं. वहिनी भांडी पुसत होत्या. पुरचुंडी, कारखाना, मामींचं बोलणं, कचऱ्यात ओतलेला डबा — सगळं, एका दमात, त्यांच्या पायांकडे बघत. दुपारी सगळ्यांसमोर सांगते म्हटलं, नवऱ्याला, दिरांना, समोरचीलासुद्धा.

वाटलं, एक कानाखाली देतील. द्यावीच. पण त्या तिथेच फरशीवर बसल्या, हातात फडकं तसंच.

"दुपारी मीही द्यायचे," म्हणाल्या.

लंगोट काढताना डबा त्यांना दुसऱ्याच दिवशी सापडला होता. पुरचुंडीही सापडली. तो किरकिरला की रोज दुपारी त्याच फडक्यात बांधून... म्हणून डबा तसा संपत होता! आणि म्हणून दवाखान्यात ते हळू "नाही".

"पण गोड द्यायचं नाही, हा तर तुमचाच नियम —"

"तू तिथेच कामाला ना," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, तू देतेस म्हणजे चांगलंच असणार."